मोठ्याने वाचलेला आकडा

आमच्या शाळेतला वजनकाटा प्रयोगशाळेच्या कपाटात असतो आणि त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. मी विज्ञान शिकवते. त्यामुळे मुलांची उंची-वजनं घ्यायचं काम पहिल्यापासून माझ्याकडेच आलं. कोणी ते मुद्दाम दिलं नाही आणि मीही कधी नाही म्हटलं नाही. प्रगतिपत्रकावर उंचीचा आणि वजनाचा असे दोन छोटे रकाने असतात, ते वर्षातून दोनदा भरायचे. शाळा चोपड्याहून स्कूटीने अर्ध्या तासावरच्या एका गावात, पाचवी ते दहावी. मुलं आसपासच्या केळी-कापसाच्या गावांतली, थोडी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरची.

माझी काम करायची एक पद्धत होती आणि तिचा मला अभिमान होता. व्हरांड्यात काटा ठेवायचा, भिंतीवर उंचीची पट्टी चिकटवायची, सगळा वर्ग रांगेत उभा करायचा. मी काट्याशेजारी उभी राहून आकडा मोठ्याने सांगायची आणि सुवाच्य अक्षराची एखादी मुलगी टेबलाशी बसून तो रजिस्टरमध्ये लिहायची. साठ मुलांचा वर्ग एका तासात संपायचा. "दुसऱ्या शाळांना दोन-दोन दिवस लागतात," असं मुख्याध्यापक सर शिक्षकांच्या बैठकीत सांगायचे, तेव्हा मी खाली बघून हसायची.

आकडा सांगताना मी काहीबाही बोलायचीही. एखादा काडीसारखा पोरगा काट्यावर चढला की म्हणायची, "वारा सुटला तर दप्तर घट्ट धर रे, उडून जाशील." एखादी गुटगुटीत असली की, "आईला सांग, तूप जरा हात आखडून वाढ." रांगेतली मुलं हसायची. ज्याच्यावर बोलले तोही हसायचा. तो हसला म्हणजे त्याला काही वाटलं नाही, असं मी धरून चालायची. मुलांना मी जवळची वाटते, इतर शिक्षकांसारखी कडक वाटत नाही, असाही एक समज मी करून घेतला होता.

आठवीत एक मुलगी होती. वर्गात सगळ्यांत उंच आणि अंगानेही भरलेली. मागच्या बाकावर बसायची, कारण पुढे बसली तर मागच्यांना फळा दिसत नसे. तिचे वडील केळी कापणाऱ्या टोळीत होते. बागेतून घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणायचा आणि ट्रकमध्ये चढवायचा, हे त्यांचं काम. हे मला माहीत होतं. सकाळी शाळेला जाताना रस्त्याकडेला मी त्यांना कितीदा पाहिलं होतं. मुलगी अभ्यासात मध्यम, पण विज्ञानात चांगली. माझ्या तासाला तिचे प्रश्न असायचे आणि ते पुस्तकाबाहेरचे असायचे. एकदा तिने विचारलं होतं, की केळीच्या चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, मग ते बाबांच्या खांद्यावरून जातात तर कसे? मला उत्तर आलं नव्हतं. "बघून सांगते," म्हणाले आणि मग विसरून गेले.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा एक शनिवार होता. सकाळची शाळा. आठवीची रांग लागली होती आणि मी भराभर पुढे सरकत होते. तिची पाळी आली. तिने चपला काढल्या, ओढणी नीट केली आणि काट्यावर चढली. मी आकडा वाचला. टेबलावर लिहायला बसलेल्या मुलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने मान वर करून विचारलं, "किती, मॅडम?"

मी पुन्हा सांगितलं. या वेळी आणखी मोठ्याने, कारण पहिल्यांदा ऐकू गेलं नव्हतं. तो आकडा मी इथे लिहिणार नाही.

रांगेत खसखस झाली. आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून मी तिला म्हणाले, "काय गं, बाबांचा घड खांद्यावर घेऊन चढलीस की काय?"

सगळा व्हरांडा हसला. शेजारच्या वर्गातली मुलंही खिडकीतून डोकावली. ती मुलगीसुद्धा हसली. खाली उतरली, चपला घालायला वाकली, आणि तिची एक चप्पल पायात नीट जात नव्हती म्हणून ती हातात घेऊनच रांगेबाहेर गेली. मी "पुढचा!" म्हणाले.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर घडलेली एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. मी काटा उचलून शिक्षकखोलीत आणला. गणिताचे सर म्हणाले, "आणलाच आहे तर आपलंही बघू." ते चढले, हसत आकडा सांगितला. मग एक मॅडम चढल्या, दुसऱ्या चढल्या. चेष्टामस्करी चालली होती. "आता तुम्ही," सर मला म्हणाले.

"माझं नको," मी म्हणाले. "मी आत्ताच डबा खाल्लाय."

"डब्याने असा किती फरक पडणार?"

"नको म्हटलं ना, सर."

माझा आवाज बहुतेक चढला असावा. मी काटा उचलून प्रयोगशाळेत नेला, दार लोटून घेतलं, चपला काढल्या आणि एकटीने त्याच्यावर उभी राहिले. आकडा पाहिला, उतरले आणि काटा कपाटात ठेवून कुलूप घातलं. या दोन गोष्टी एका सकाळी, दोन तासांच्या अंतराने मी केल्या आणि मला त्यांच्यात काहीही संबंध दिसला नाही.

घरी आल्यावर मी आणखी एक काम केलं. रजिस्टरची दोन पानं मोबाईलमध्ये फोटो काढून आणली होती, कारण ती ऑनलाइन भरायची होती. भरून झाल्यावर वाटलं, पालकांनाही कळायला हवं. वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. मी दोन्ही फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "सर्व पालकांनी आपल्या पाल्याच्या उंची-वजनाची नोंद घ्यावी व आहाराकडे लक्ष द्यावे." चुकून हात लागून झालेली गोष्ट नव्हती ती. नीट विचार करून, आपण चांगलं काम करतोय असं समजून केली होती. बारा-पंधरा अंगठे आले. एका पालकाने हात जोडलेलं चित्र पाठवलं. मला बरं वाटलं.

दहा-बारा दिवसांनी खिचडी शिजवणाऱ्या अक्कांनी मला मधल्या सुट्टीत गाठलं. त्या गावातल्याच, वयाने माझ्याहून मोठ्या. हातातली पळी तशीच.

"मॅडम, ती आठवीनी उच्ची पोर शे ना, ती खिचडीले हात लावस नही. ताट लेस आनि दुसरीना ताटमा लोटी देस. आठ दिन व्हयी गयात."

"भूक नसेल, अक्का."

"भूक कशी नही? चालीसन येस दोन कोस."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "राहू द्या. थोडं कमी झालं तर बरंच आहे तिला."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या आणि पातेल्याकडे गेल्या.

ती आता माझ्या तासाला प्रश्न विचारत नव्हती. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण आठवीत मुली गप्प होतात, असं म्हणून मी ते सोडून दिलं. मग एक दिवस मी जिन्यावरून उतरत होते. खाली पाण्याच्या टाकीपाशी ती बाटली भरत होती. आठवीतलीच तीन-चार मुलं तिथे आली आणि त्यांतला एक जण केळीच्या काट्यावर मापाडी ओरडतो तसा ओरडला, "चला, घड आला! बाजूला व्हा, घड आला!"

तिने बाटली अर्धीच भरली आणि निघून गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे हे रोजचं होतं.

मला संताप आला. खरोखर आला. वजनाच्या दिवशी टेबलाशी लिहायला बसलेल्या मुलीला मी प्रयोगशाळेत बोलावलं. ती वर्गाची मॉनिटर होती.

"हे नाव कधीपासून पडलंय तिला?"

तिने दाराकडे पाहिलं.

"घाबरू नकोस. कोणी काढलं हे नाव? त्याचं नाव सांग मला."

ती टेबलावरच्या चंचुपात्राकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात ना."

मला आधी खरंच आठवलं नाही. "मी? काय म्हणाले मी?"

तिने सांगितलं. माझंच वाक्य, माझ्याच सुरात. आणि मग म्हणाली, "सगळे म्हणतात आता. आणि ग्रुपवरचा फोटो पण आहे सगळ्यांकडे. पोरांनी वजनाप्रमाणे नंबर लावलेत सगळ्यांचे, एक ते साठ."

"तुझा कितवा?" असं माझ्या तोंडून निघता निघता राहिलं. मी तिला वर्गात पाठवलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी ग्रुप उघडला. फोटो खूप वर गेला होता, खाली फीच्या सूचना, सहलीच्या सूचना, सुप्रभात. मी तो शोधून काढला आणि दाबून धरला. सगळ्यांसाठी काढून टाकायची मुदत कधीच उलटून गेली होती. फक्त माझ्या फोनमधून काढता येत होता. तेवढा मी काढला.

यानंतर मी जे केलं, ते आधीच्या सगळ्याहून वाईट होतं. आणि ते मी तिच्यासाठी करतेय अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी सगळी शाळा मैदानात रांगेत होती. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. मी सरांना विचारून माईक हातात घेतला. टाकीपाशी पाहिलेल्या त्या मुलांना पुढे बोलावलं. कान धरायला लावले. आणि मग त्या मुलीला पुढे बोलावलं.

ती आली नाही. मी पुन्हा नाव घेतलं. रांगेतल्या मुलींनी तिला पुढे ढकललं. ती आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली, सगळ्या शाळेकडे तोंड करून.

"हिला कोणीही 'घड' म्हणायचं नाही," मी माईकवर म्हणाले. "समजलं? कोणाच्याही शरीरावरून कोणीही काही बोलायचं नाही. माफी मागा तिची."

मुलांनी माफी मागितली. एक जण हसू दाबत होता. पाचवी-सहावीच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. त्या लहान मुलांना ते नाव माहीतही नव्हतं. ते मी त्यांना माईकवरून सांगितलं. तिचा चेहरा मी पाहिला नाही, कारण मी समोर शाळेकडे पाहत होते. माझ्या आवाजाला धार आली होती आणि ती मला आवडत होती. ते नाव पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघालं होतं, हे मात्र मी माईकवर सांगितलं नाही. मॉनिटर मुलगी दुसऱ्या रांगेत उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती, तेवढं मला दिसलं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर ती वर्गात नव्हती. दप्तरही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशी नाही. हजेरीत पूर्ण आठवडा गैरहजेरी पडल्यावर मी तिच्या गावाला गेले.

घर रस्त्यापासून आत होतं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. तिची आई कापूस वेचून नुकतीच आली होती, डोक्याचा रुमालही काढला नव्हता. मला बघून तिने लगबगीने खाट पुढे ओढली.

"बसा मॅडम. मी च्या ठेवस."

"चहा नको. मुलगी कुठे आहे?"

"ती मावशीकडे गयी, धुयाले."

धुळ्याला! मी विचारलं, "परत कधी येणार?"

आई खाली बसली. बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते, ते ती चोळत राहिली. "ती म्हने, आई, मी आते त्या शाळामा जावाव नही. बापनी समजाडं, मी समजाडं. काही आयकं नही तिनी."

"मुलं वात्रट असतात हो," मी म्हणाले. "मी शिक्षा केली त्यांना. सगळ्यांसमोर माफी मागायला लावली."

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बोलावं की बोलू नये, अशा विचारात असल्यासारखं पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही शिकेल-सवरेल शेतस. आम्ही काय सांगानं तुमले. पन पह्यले तुम्ही तिनं वजन बठ्ठास्ले, सगळा वर्गले सांगं. मंग मोबाईलवर टाकं, शेजारनीनी माले दखाडं. मंग बठ्ठास्ना पुढे तिले उभं करं. तिले एकलीले बलाईसन इचारतात, तर ती बोलती. तुमनी आवडनी पोर व्हती ती."

मी "चुकलं माझं" म्हणायला हवं होतं. ते तोंडात आलं होतं. पण बाहेर आलं ते वेगळंच. "तिचं वर्ष वाया जायला नको," असं मी म्हणाले.

"नही जावाव. तठे शाळा पाही ठेवेल शे. दाखला तेवढा लवकर द्या मॅडम."

दाखला मी स्वतः कार्यालयात बसून दोन दिवसांत करून दिला. तेवढंच मला करता आलं, आणि खरं सांगायचं तर तो लवकर गेला म्हणून मला थोडं हलकंही वाटलं. मागच्या बाकावरची जागा रिकामी झाली. पुढच्याच आठवड्यात तिथे दोन मुलं सरकून बसली.

पुढच्या वेळी वजनं घ्यायची वेळ आली तेव्हा मी काटा व्हरांड्यात काढला नाही. प्रयोगशाळेत कपाटाच्या आड ठेवला. एकेकाला आत बोलवायचं, दार लोटायचं. आकडा त्याने स्वतः वाचायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि घडी घालून मला द्यायचा. रजिस्टर मी घरी नेऊन भरायचं. या पद्धतीने एका वर्गाला तास नाही, पूर्ण सकाळ लागली.

"मॅडम, या वेळी उशीर झाला," मुख्याध्यापक सर म्हणाले. "काटा बिघडलाय का?"

"नाही सर. मुलींना आवडत नाही सगळ्यांसमोर."

"आजवर तर कोणी तक्रार केली नव्हती."

"हो सर," मी म्हणाले. त्यांना सगळं सांगायची ती वेळ होती, पण मी सांगितलं नाही. मुलींना आवडत नाही, एवढंच सांगून सगळं मुलींवर ढकललं.

एक गोष्ट मात्र मला अपेक्षित नव्हती. दार लोटल्यावर मुलं बोलायला लागली. सातवीतल्या एका मुलाने चिठ्ठी लिहिताना सांगितलं, की मागच्या वर्षी वजनाच्या दिवशी, आकडा जास्त भरावा म्हणून, तो पोटभर पाणी पिऊन यायचा. नववीतल्या एकीने विचारलं, "मॅडम, एक वजन दर वर्षी दिवाळीनंतरच का घेतात? आधी घेतलं तर कमी भरेल." दहावीतली एक मुलगी काट्यावर चढलीच नाही, नुसती उभी राहिली. मीही म्हणाले, "बरं, जाऊ दे, उद्या ये." ती दुसऱ्या दिवशी आली. इतकी वर्षं मी त्यांची वजनं घेत होते आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या मनात काय चाललेलं असतं, ते मला माहीत नव्हतं. पाचवीतल्या एका लहानग्याने घडी घातलेली चिठ्ठी देताना विचारलं, "मी माझ्या मित्राला सांगितलं तर चालेल का?" मी म्हणाले, "तुझंच आहे. वाटलं तर सांग, नाहीतर नको." तो धावत गेला आणि बाहेर ओरडून सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या वर्षी धुळ्याला शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. जायच्या आधी चोपड्याच्या बस स्टँडवर मला तिची आई भेटली होती. मी धुळ्याला जातेय म्हटल्यावर तिने थोडा विचार केला आणि बहिणीच्या घराचा पत्ता सांगितला. "भेटा तिले. कधीमधी तुमनी याद काढस ती," म्हणाली. ते खरं होतं, की मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, कळलं नाही. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, सत्र संपल्यावर मी रिक्षाने तिथे गेले. मनात वाक्यं जुळवली होती. या वेळी कुठलीही पळवाट काढायची नाही, सरळ माफी मागायची, असं ठरवलं होतं.

दार तिनेच उघडलं. आणि दार उघडताक्षणी माझी नजर तिच्या अंगावरून फिरली. बारीक झालीय की तशीच आहे, हे मी पाहिलं. अर्ध्या क्षणाचं काम, पण तिने ते टिपलं. तिने ओढणी पुढे ओढून घेतली. मी इतक्या लांबून माफी मागायला आले होते आणि उंबऱ्यावरच पुन्हा तिचं वजन केलं.

"मॅडम! या ना."

आतल्या खोलीत तिची मावशी होती. पुढे आली, हसून बोलली, चहा टाकायला गेली. मुलीने मला पाण्याचा तांब्या दिला आणि समोर वेताच्या मोड्यावर बसली. नववीत होती. शाळा मोठी आहे, प्रयोगशाळेत प्रत्येकाला सूक्ष्मदर्शकातून बघायला मिळतं, असं सांगत होती. बोलण्यात अडखळत नव्हती. मला वाटलं, आता बोलावं.

"मी तुला सांगायला आलेय," मी सुरुवात केली. "त्या दिवशी मी वजन घेताना सगळ्यांसमोर जे..."

तिने झटकन आतल्या खोलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वाकून अगदी हळू म्हणाली, "मॅडम, इथे कोणाला माहीत नाही. हळू बोला ना."

मी थांबले. वाक्य अर्धंच राहिलं. मावशी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काय म्हणत होत्या मॅडम?"

"काही नाही, मावशी," मुलगी म्हणाली. "सायन्सचं विचारत होत्या."

मी चहा प्यायले. मावशीने विचारलं त्याची उत्तरं दिली. माझी माफी मला किती मोठी वाटत होती, आणि तिला तीच कशी नकोशी होती, हे मला तिथे बसून समजत होतं. शाळा सोडून, गाव सोडून ती जे मागे टाकून आली होती, ते मी पिशवीत घालून तिच्या दारात आणलं होतं.

निघताना ती मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. दुपारचं ऊन होतं, गल्लीत कोणी नव्हतं. रिक्षा दिसत नव्हती. मी एवढंच म्हणाले, "माझं चुकलं गं. मी बोलायला नको होतं."

तिने उन्हासाठी ओढणी डोक्यावर घेतली. मग म्हणाली, "वजनाचं मला माहीतच होतं, मॅडम. घरी आरसा आहे. पण बाबांचं नको होतं म्हणायला. त्यांना वाटतं, त्यांच्या कामामुळे मी शाळा सोडली."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे ना तिकडे. ते मला काही बोलले नाहीत. पण मी इकडे आल्यापासून ते भेटायला येतात ना, तर कपडे बदलून येतात. खांदा घासून घासून धुऊन येतात."

तेवढ्यात रिक्षा आली. तिने हात करून ती थांबवली, रिक्षावाल्याला "स्टँडला" म्हणून सांगितलं. मी बसले. "अभ्यास कर नीट," असं काहीतरी मी म्हणाले. तिने मान हलवली आणि घराकडे वळली. तिने मला माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही. तसं विचारणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं होतं.

प्रशिक्षण संपवून चोपड्याला आले. सोमवारी शाळेत गेल्यावर मुख्याध्यापक सरांच्या खोलीत गेले आणि या वेळी सगळं सांगितलं. घड हे नाव माझं होतं, हेही सांगितलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. आपण मुद्दाम थोडंच करतो?" मग त्यांनी पुढच्या बैठकीसाठी एक कागद लिहायला घेतला, की मुलांच्या नोंदींचे फोटो यापुढे कोणत्याही ग्रुपवर टाकू नयेत. त्याखाली पहिली सही मी केली.

घरी मी हे फक्त यजमानांना सांगितलं, भाजी निवडता निवडता. ते पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कोणाची पोर गं? कोणत्या गावची?"

"होती एक," मी म्हणाले.

"अगं सांग तरी. बाप केळीच्या टोळीत म्हणतेस, म्हणजे माझ्या ओळखीतला असेल. बघतो, काही मदत लागली तर."

"नको," मी म्हणाले, आणि निवडलेली मेथी धुवायला आत गेले.